आधी स्विच, मग केबल

यूएसबीने आपल्या सगळ्यांना एक सवय लावून ठेवली आहे. कॉम्प्युटर चालू असताना काहीही खुपसायचं, काहीही उपटायचं! पेन ड्राइव्ह, माऊस, प्रिंटर.. कोणी विचारसुद्धा करत नाही. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं, ते मुळात हे गृहीत धरूनच. घरात एखादी जुनी रुंद तोंडाची यूएसबी केबल असेल तर आत डोकावून बघा. चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन लांब आणि मधल्या दोन आखूड दिसतील. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. कडेच्या दोन पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या, मधल्या डेटाच्या. म्हणजे आधी दोन्ही उपकरणांचा ग्राउंड एक होतो, मगच त्यांचं बोलणं सुरू होतं.

(एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्सच्या साक्षीने यूएसबी स्कॅनर जोडला आणि विंडोज ९८ निळं पडलं, तो किस्सा प्रसिद्धच आहे. पण तिथे कोसळलं ते विंडोज. जळलं काहीच नाही!)

जुन्या पोर्टांना हे शहाणपण नव्हतं. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेलं पीएस/२, म्हणजे ते जांभळं-हिरवं गोल भोक, घ्या. माऊस सुरू होताना स्वतःची तपासणी करून "मी आलो" असा निरोप पाठवतो. तो निरोप ऐकायला कॉम्प्युटरही तेव्हाच सुरू होत असेल अशी अपेक्षा. मध्येच माऊस काढून परत लावला तर बाण बहुधा हलत नाही, रीस्टार्ट केलं की सुधारतो. हे किरकोळ. पण वाकडी घुसवलेली पिन पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांना क्षणभर जोडून गेली, तर मदरबोर्डवरचा इवलासा फ्यूज उडतो. तो सोल्डर केलेला असतो. कीबोर्ड मेला म्हणून नवा आणला तरी तोही "मेलेलाच" निघतो.

सिरियल आणि पॅरलल पोर्टची गोष्ट जास्त गंभीर. त्यांच्या सगळ्या पिना सारख्याच लांबीच्या. केबल जरा तिरकी लागली की कोणती पिन आधी टेकेल ते नशिबावर. आता आपल्याकडच्या जुन्या घरांची वायरिंग आठवा. तीन पिनांचं सॉकेट, पण अर्थिंग नुसतं नावाला. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या डब्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर तो डबा २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. डब्याला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या त्याच! माणसाला नुसता चटका बसतो. पण औषधाच्या दुकानातल्या त्या करकरणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची केबल तशा चालू कॉम्प्युटरला लावली आणि ग्राउंडच्या आधी डेटाची पिन टेकली, तर हा सगळा दाब पाच व्होल्टच्या चिपवर येतो.

दहादा काहीच होत नाही, हाच खरा घोटाळा. अकराव्यांदा होतं, तोपर्यंत "मी तर नेहमी असंच लावतो" अशी खात्री पटलेली असते.

इकडे अमेरिकेत अर्थिंग चोख, म्हणून निश्चिंत राहावं, तर तेही नाही. आमच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकातलं एक मापनयंत्र आहे. ते सिरियल पोर्टशिवाय कोणाशी बोलत नाही. एका नव्या विद्यार्थिनीने यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून आपला लॅपटॉप त्याला जोडला. यंत्र चालू आणि लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा. म्हणजे लॅपटॉप तरंगता! नंतर मल्टिमीटर लावला तर साठच्या आसपास व्होल्ट दिसले. यंत्र मुकं झालं. तिची बिचारीची चूक तरी काय म्हणणार? यूएसबीच्या काळातच वाढलेली पोरगी, आणि अडॅप्टरचं एक टोक यूएसबीचंच की. तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या मोजमापांवर अवलंबून होतं आणि या यंत्राचे सुटे भाग बनणं केव्हाच बंद झालेलं. तीन आठवडे काम ठप्प.

शेवटी झाकण उघडलं. गेली होती ती सिरियल पोर्टची मॅक्स २३२ चिप, अगदी किरकोळ किमतीची, आणि सुदैवाने सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलेली! ती उपटून नवी बसवायला पाच मिनिटं लागली. आता मध्ये एक ऑप्टो-आयसोलेटरची डबी आहे. तिच्यातून सिग्नल प्रकाशाने पलीकडे जातो, तारेला तार लागतच नाही. तरीही ती मुलगी केबलला हात लावण्याआधी यंत्राचा प्लग काढून बाजूला ठेवते, आणि मगच वाकते.