समता कॉलनीत आधी कोण जाणार?

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशने मागे टाकत रायपूरला पोहोचते. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तोवर हा मुलूख भोसल्यांचा होता. त्यामुळे मराठी माणूस इथे परका नाही. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'समता कॉलनी' म्हटले, की तो जास्त काही विचारत नाही. जवळून जी. ई. रोड जातो, म्हणजे जुना ग्रेट ईस्टर्न रोड. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले आणि शहराबरोबर वाहनेही वाढली. संध्याकाळी कॉलनीच्या रस्त्याकडेला एखादी आजी नातवाचा हात धरून उभी असते. स्कूटर, मोटारी, ई-रिक्षा थांबायचे नाव घेत नाहीत.

"आजी, आपला नंबर कधी येणार?"

"येईल रे बाळा, कुणीतरी थांबलं की!"

बिचाऱ्या आजीचे रस्ता ओलांडणे असे दुसऱ्याच्या दयेवर का असावे? वसाहतीचे नाव तर समता आहे!

गंमत म्हणजे हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीसच्या प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथात बेबंद स्वातंत्र्याची थट्टा केली आहे. अशा नगरात घोडे आणि गाढवेही ऐटीत रस्त्याने चालतात आणि जो बाजूला होत नाही त्याला धक्का देतात, असे तो म्हणतो. आज गाढवांची जागा कोणी घेतली आहे, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे अशा स्थितीला मत्स्यन्याय म्हणतात. मोठा मासा लहान माशाला गिळतो. दंड नसेल तर हेच होते, असे कौटिल्याने बजावले आहे. रस्त्यावर ट्रक मोटारीला, मोटार स्कूटरला आणि स्कूटर पायी चालणाऱ्याला दाबते, तो हाच न्याय.

मग वाट कोणी कोणाला द्यावी? मनुस्मृतीत त्याची यादीच आहे. रथात बसलेला, अतिवृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी. नवरदेवाला तर वरातीच्या निमित्ताने आजही अख्खा रस्ता मिळतो! पण या यादीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. रोग्याला वाट मिळते ती त्याच्या गरजेमुळे, राजाला मिळते ती त्याच्या मानामुळे.

आजच्या कायद्याने यातली गरज ठेवली आणि मान काढून टाकला. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. रुग्णवाहिकेची वाट मात्र कायम राहिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिला अडवणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सगळ्यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे न्याय नव्हे, नियम जिथे तोकडा पडतो तिथे त्याला मुरड घालावी लागते, हे ॲरिस्टॉटलने ओळखले होते. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. काही नियम ठरवण्यापूर्वी असे असले काय नि तसे असले काय, फरक पडत नाही. एकदा ठरले की मात्र पडतो. डावीकडून चालणे हा असाच नियम आहे. त्यात पुण्य नाही, पण तो मोडला तर जीव जातो.

आणि आजी? २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला जाऊ द्यायचे असते. म्हणजे तिथे आजीला वाट देणे हा उपकार नाही, तो तिचा हक्क आहे. फक्त तो हक्क पोलीस पाहत नसतानाही पाळला गेला पाहिजे. प्लेटोच्या ग्रंथात गायजेस नावाच्या माणसाची कथा येते. अदृश्य करणारी अंगठी मिळताच तो नको ती कृत्ये करू लागतो. रात्रीचा रिकामा चौक ही प्रत्येक चालकाच्या बोटातली तशीच अंगठी आहे.

एवढ्यात एक स्कूटरवाली मुलगी थांबते. मागची मोटार हॉर्न वाजवते, तरी ती जागची हलत नाही. आजी नातवाला घेऊन पलीकडे जाते.

"आजी, ती ताई आपल्या ओळखीची होती?"

"नाही रे," आजी पदर सावरत म्हणते, "म्हणून तर बरं वाटलं."