एकटीची धम्मयात्रा

समुद्र मी दरवर्षी पाहते. पण कसा पाहते? ६ डिसेंबरला आमच्या वैशाखऱ्याहून गाडी भरून निघते, आम्ही बायका दादरला उतरतो आणि चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या राहतो. रांग सरकते, घरांच्या फटीतून समुद्र दिसतो, आणि त्या वेळी डोळ्यांतच पाणी असते. १९५६ च्या ७ डिसेंबरला जिथे बाबासाहेबांना अग्नी दिला, तिथे आपण मौज करायला जात नाही. म्हणून पन्नाशी उलटली तरी समुद्राचे पाणी पायाला कसे लागते, हे मला ठाऊक नव्हते.

आमचे हे बांधकाम खात्याकडे रस्त्यावर मजूर होते. माळशेजच्या रस्त्यावर खडी टाकण्यात त्यांचा जन्म गेला. पण वाचायची आवड मोठी. संध्याकाळी ओट्यावर बसून नाणेघाटाकडे बोट दाखवायचे आणि सांगायचे, "हा रस्ता कुठून येतो माहीत आहे का? समुद्रावरून येतो. सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या बंदरात जहाजं लागायची, माल बैलांवर लादून आपल्या गावावरून घाट चढायचा आणि जुन्नरला जायचा. वर घाटातल्या एका टाक्यावर लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानं ते पाण्याचं टाकं दान दिलं. एकदा तुला सोपाऱ्याला नेतो." एकदा एकदा म्हणता म्हणता ते गेले. त्याला आता दोन वर्षे झाली.

यंदा ७ फेब्रुवारीला विहारात माता रमाईची जयंती झाली. एका मुलीने भाषणात रमाईच्या पंढरपूरला जाण्याच्या इच्छेची हकीकत सांगितली. जिथे आपल्या माणसांना देवळाबाहेर उभे करतात तिथे कशाला जायचे, असे बाबासाहेब म्हणाले, आणि आपण दुसरी पंढरी उभी करू असा शब्द त्यांनी दिला. ते खरेच होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. त्या माउलीला कुठे तरी जावेसे वाटले होते, एवढेच माझ्या मनात राहिले. दोन दिवसांनी मी मुलाला म्हटले, "मी सोपाऱ्याला जाऊन येते."

"कुणाबरोबर?"

"एकटी."

मुलगा म्हणाला, "आई, थांब थोडी, सुट्टी मिळाली की मोटारसायकलवर नेतो." सून काही बोलली नाही, तिने गुपचूप भाकऱ्या थापायला घेतल्या. शेजारच्या वहिनी मात्र बोलल्या, "मालक जाऊन दोन वर्षं नाही झाली तर हौस सुचते बाईला!" तो शब्द मला लागला. मी मजेला निघाले आहे की काय, असे मलाच वाटू लागले.

पहाटेच्या एसटीने निघाले. २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट आहे, तेवढा आधार. कल्याणला लोकल धरली. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे जायचे होते. पाय मात्र सवयीने चैत्यभूमीच्या बाजूला वळले. क्षणभर थांबले, मनातल्या मनात जयभीम केला आणि विरारच्या गाडीत चढले.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरले आणि रिक्षावाल्याला म्हटले, "स्तूपाकडे चला." त्याला कळेना. दुसऱ्याला विचारले, त्यालाही कळेना. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "बाई, बुरुड राजाचा कोट म्हणा. जुनी माणसं तेच नाव घेतात." रिक्षात बसल्यावर मी विचार करत राहिले. लोक बुद्धाला विसरले, पण हे मातीचे टेकाड कुणा मोठ्या राजाचे आहे हे विसरले नाहीत. आणि तो राजा कोण ठरवला? टोपल्या, सुपे विणणारा बुरुड! आपल्या गोरगरिबांच्या आठवणीसुद्धा आपल्यासारख्याच असतात.

स्तूप म्हणजे विटांचा उंचवटा. झाडांची सावली. कुणीतरी मेणबत्त्या लावून गेले होते, त्यांचे मेण विटांवर थिजले होते. मी फुले वाहिली, त्रिशरण पंचशील म्हटले. एकटीने म्हणताना आवाज केवढा मोठा वाटतो!

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. आत एक गोल दगडी पेटी निघाली. पेटीत काशाच्या आठ बुद्धमूर्ती आणि मधोमध तांब्याचा करंडक होता. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत हिरव्या मौल्यवान दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. आणि सोन्याच्या डबीत काय होते? सोन्याची फुले, आणि मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या. तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या कुणी श्रद्धेने जपून ठेवल्या होत्या. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने हा ठेवा सांभाळला आहे.

तिथे बसून मला रडू आले. पेशवाईत आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात मडके बांधले, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आणि इथे, त्याच्या कितीतरी शतके आधी, मडक्याच्या खापऱ्यांना सोन्यात ठेवणारी माणसे राहत होती. मडके तेच, माती तीच. माणसाकडे पाहणारी नजर तेवढी वेगळी.

ह्याच सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आपल्या विहारात सांगतात. तो भिक्खू झाला आणि आपल्या मुलुखात परत जायला निघाला. भगवंतांनी विचारले, तिथले लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, शिव्याच दिल्या, हात तर उगारला नाही, असे म्हणेन. मारले तर? दगड-काठीने तर मारले नाही, असे म्हणेन. असे करत करत भगवंतांनी त्याला जायला सांगितले. शेजारच्या वहिनींचा शब्द मला आठवला आणि हसू आले. पूर्णाला जीव जाण्याची भीती होती, मला फक्त टोमण्याची.

दुपारी रिक्षाने भुईगावच्या किनाऱ्यावर गेले. वाटेत वाड्या, केळी, ख्रिस्ती बांधवांची घरे, दारात क्रूस. इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला, आणि तोही १९५६ साली! नागपूरला दीक्षा झाली त्याच वर्षी.

सोपाऱ्यात त्याआधी, १८८२ साली, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. त्या लेखातली हकीकत मला यांनीच सांगितली होती. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रा करत, शिकारी करत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, भेट दिली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. वडीलधाऱ्यांना भेटायचे, दानधर्म करायचा, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचे, धम्माची विचारपूस करायची. त्यातच त्याला जास्त आनंद मिळे. आनंद हा शब्द मी मनात धरून ठेवला. धम्मयात्रा म्हणजे तोंड पाडून बसणे नव्हे, हे राजाने दगडावर लिहून ठेवले होते.

सुरूच्या झाडाखाली भाकरी सोडली. सुनेने लसणाची चटणी आणि कांदा बांधून दिला होता. जवळ एक बाई काटक्या वेचत होती. तिने विचारले, "एकट्याच आलात?"

"हो."

"घरचे बोलत नाहीत?"

"बोलतात की."

ती हसली. मग माझ्या शेजारी बसली, मी तिला अर्धी भाकरी दिली. तिने माझे गाव विचारले नाही, जात विचारली नाही. माझ्या आजीला मुरबाडच्या बाजारात ओंजळीने पाणी प्यावे लागे, वरून ओतलेले. ते माझ्या डोळ्यांसमोर आले आणि गेले.

मग चप्पल हातात घेऊन पाण्याकडे गेले. पहिली लाट पायावर आली आणि पायाखालची वाळू सरकली. मी घाबरून मागे झाले. पुन्हा पुढे गेले. पाणी कोमट होते. रमाईच्या वडिलांनी दाभोळच्या बंदरात डोक्यावर माशांच्या टोपल्या वाहिल्या, तेही ह्याच समुद्राचे पाणी. यांच्या वाट्याला रस्त्याचे दगड आले. त्यांनी सांगितलेल्या रस्त्याच्या ह्या टोकाला आज मी उभी होते. नऊवारी घोट्यापर्यंत भिजली. कुणी पाहत नव्हते, आणि पाहिले असते तरी चालले असते.

रात्री फाट्यावर उतरले तेव्हा मुलगा बॅटरी घेऊन उभा होता. "किती खर्च झाला?" त्याने विचारले. हिशेब सांगितला, पाचशेच्या आतच होता. घरी आल्यावर सून कानाजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी येऊ?"

भगिनींनो, आपण ६ डिसेंबरला जातो ते जायलाच हवे. पण आपली ठिकाणे दु:खाचीच नाहीत. आमच्या गावाच्या नावातच वैशाख ऐकू येतो. येत्या वैशाख पौर्णिमेला आमच्या महिला मंडळाने सोपाऱ्याला जायचे ठरवले आहे. शेजारच्या वहिनींनी पहिले नाव दिले. पण त्याआधी एकदा मी पुन्हा एकटी जाणार आहे, या वेळी नाणेघाट चढून, गोविंददासाच्या टाक्यातले पाणी पाहायला.

जयभीम!