चौथी खिडकी

मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. तरी दिवाळीच्या सुमारास टपालवाला दारात दिसला, की माझ्या छातीत अजून धस्स होते. त्याला कारण एक पाकीट.

मुंबईतल्या एका बँकेच्या संगणक विभागात मी होतो. बचत, मुदत ठेव, कर्ज आणि लॉकर, प्रत्येकाचा प्रोग्रॅम निराळा आणि प्रत्येकाने खातेदाराचे नाव-गाव आपापले लिहून ठेवलेले. एका वाड्यात चार चुली असाव्यात, तसा आमचा संसार! एके दिवशी एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. यजमान वारल्याची वर्दी त्यांनी सहा महिन्यांपूर्वी बचतीच्या खिडकीवर दिली होती. लॉकरच्या प्रोग्रॅमला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. त्याने यजमानांच्या नावे दिवाळीच्या शुभेच्छा धाडल्या होत्या, ‘श्री.’ लावून. बाई भांडल्या नाहीत. पाकीट टेबलावर ठेवून एवढेच म्हणाल्या, “आता आणखी किती ठिकाणी सांगू?”

पुढे ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ हे भारदस्त नाव आमच्या कानांवर आले. नावाला भिऊ नका. अर्थ अगदी घरगुती आहे. एक काम एकाकडे सोपवायचे. इतरांनी त्याच्या दारात जाऊन विचारायचे. त्याच्या फडताळात हात घालायचा नाही. खातेदार कोण, राहतो कुठे, हयात आहे का, हे एकच सेवा सांगणार. आतून ती कोबोलमध्ये लिहिलेली असो की जावामध्ये, विचारणाऱ्याला त्याचे काय?

“यात रुपये किती सुटणार?” साहेबांनी विचारले. मला उत्तर देता येईना. पहिल्या वर्षी तर खर्च वाढलाच. पण पुढे वाहनकर्जाची नवी योजना निघाली, तेव्हा नाव-पत्ता, सही, व्याज यांतले काहीच नव्याने लिहावे लागले नाही. एरवी वर्ष खाणारे काम गणपतीला सुरू होऊन दिवाळीआधी उरकले. साहेबांनी मग रुपयांचे विचारले नाही!

अमेरिकेत ॲमेझॉनच्या जेफ बेझोसने 2002 च्या सुमारास असाच दंडक घातला, असे तिथे काम केलेल्या एका अभियंत्याने पुढे लिहिले. प्रत्येक गटाने आपली माहिती अशा दारातूनच द्यायची, आणि दार असे बांधायचे की उद्या परक्यालाही उघडता यावे. 2006 साली त्या कंपनीने माहिती साठवण्याची ‘एस-थ्री’ ही सेवा खरोखरच बाहेरच्यांना भाड्याने दिली. पुस्तकांच्या दुकानदाराला हा नवा धंदा सापडला, तो असा.

आमचे दुखणे निराळे. एका सोमवारी ती एकुलती एक सेवा सकाळी दहालाच बंद पडली आणि चारही खिडक्यांपुढे रांगा लागल्या. पूर्वी एक अडली तर तीन तरी चालत. “चार चुलीच बऱ्या होत्या की!” सौ. रात्री म्हणाली. मी गप्प जेवलो. दुसऱ्या आठवड्यात जोडीला एक राखीव यंत्र मागून घेतले.

सेवा सुरू झाली त्या रात्री मी पहिला खातेक्रमांक घातला, तो त्या यजमानांचा. चारही पडद्यांवर एकच नोंद आली. बाईंनी ते पाकीट परत नेले नव्हते. ते अजून माझ्या कपाटात आहे.