खुणेचा पत्ता

पत्ता विचारणारीं माणसें दोन प्रकारचीं असतात. एकाजवळ वेळ असतो, दुसऱ्याजवळ नसतो. आमच्या भिवंडींतील बहुतेक पत्ते पहिल्या प्रकारच्या माणसासाठींच रचलेले आहेत. "धामणकर नाक्यावरून आंत या, डाव्या हाताला सायझिंगचा कारखाना लागेल, त्याच्या मागें कोणालाहि विचारा." या 'कोणालाहि विचारा'वर गांवचा सारा व्यवहार चालत आला आहे. पाहुणा विचारीत येतो, सुताचा दलाल विचारीत येतो, टपालवाल्याला तर विचारावेंहि लागत नाहीं. अशा पत्त्यांत एक प्रकारचा गोडवा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांत घरापेक्षां शेजाराचें वर्णन अधिक असतें.

परंतु संकटाच्या वेळीं येणारा मनुष्य परका असतो, आणि त्याने विचारावें तर रस्त्यावर कोणी नसतें. 112 हा क्रमांक फिरविला म्हणजे घंटा भिवंडींत वाजत नाहीं. राज्याचें मुख्य केंद्र नवी मुंबईस आहे, दुसरें नागपुरास. तेथें बसलेल्या मुलीनें तीन बत्ती किंवा वंजारपट्टी नाका पाहिलेला असेलच असें नाहीं. हातांतील फोन आपला ठावठिकाणा कांहीं अंशीं कळवितो हें खरें. पण उपग्रहाचें माप उघड्यावर जसें नीट लागतें तसें पत्र्याखालीं आणि दाट इमारतींत लागत नाहीं, आणि मनुष्य कितव्या मजल्यावर आहे हें त्यावरून सहसा कळत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या इमारतींतील एका वृद्ध गृहस्थांच्या छातींत मध्यरात्रीं कळ आली. मुलानें फोनवर सांगितलेला पत्ता अगदीं खरा होता. मात्र त्या नांवाचीं कंपाउंडें गांवांत तीन निघालीं. शेवटीं चार पोरें विजेऱ्या घेऊन चार नाक्यांवर उभीं राहिलीं, तेव्हां गाडी दारीं लागली. गृहस्थ वांचले. त्या पाऊण तासांत त्यांच्या पत्नीनें उंबरठा सोडला नव्हता.

ही अडचण केवळ आमचीच आहे असें नाहीं. लंडनमध्यें 1935 सालीं विम्पोल स्ट्रीटवरील आगींत पांच स्त्रिया मेल्या, आणि 1937 सालीं तेथें 999 हा संकटाचा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेंत 1968 सालीं 911 आला. पण तेथील खेड्यापाड्यांतील अनेक घरांना टपालाची फेरी आणि पेटीचा आंकडा एवढाच पत्ता होता. टपालवाल्याला घर ठाऊक, रुग्णवाहिकेला नाहीं. म्हणून पुढें परगण्यापरगण्यांतून निनांवी रस्त्यांना नांवें द्यावीं लागलीं आणि घरांना नवे क्रमांक मिळाले. बऱ्याच ठिकाणीं मैलास एक हजार, म्हणजे सुमारें सव्वापांच फुटांस एक, असा हिशेब धरला. एका बाजूस सम, दुसऱ्या बाजूस विषम. तेथें घराचा आंकडाच अंतर सांगतो.

आपल्याकडे 1972 सालीं पिनकोड आला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांच्या योजनेनें. 421302 हे आंकडे पत्र भिवंडीस आणून सोडतात, पण गल्लींत शिरत नाहींत. टपालखात्यानें 2025 सालीं डिजिपिन काढला. त्यानें देशाचे सुमारें चार मीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकास दहा अक्षरांची खूण दिली. सोय मोठी आहे. पण खालीं माग, वर खोल्या, आणि एका खोलींत पाळीपाळीनें झोपणारे दहा कारागीर अशी जेथें वस्ती, तेथें चौकोनाला जिना कोठें आहे हें कळत नाहीं. तें काम कोणीतरी पायीं फिरूनच केलें पाहिजे. खूण छपराच्या मध्यावर नव्हे, दारावर हवी. बंब कोठवर शिरतो हें लिहिलेलें हवें. आणि एका जागेचीं सारीं नांवें, दफ्तरांतलें, जुन्या नाक्याचें, पद्मानगरांत तेलुगू बोलणाऱ्यांच्या तोंडचें, हीं एकत्र नोंदलेलीं हवींत. घाबरलेला मनुष्य रस्त्याचें सरकारी नांव कधींच घेत नाहीं.

मात्र या कामांतली खरी अडचण निराळीच आहे. आमच्या गल्लींत दारांवर आंकडे रंगविणारा मनुष्य आला, तेव्हां समोरच्या खोलींतील बाईंनीं आम्हांला हळूच विचारलें, "भाऊ, हा नंबर घर पाडायचा तर नाहीं ना?" त्यांचा प्रश्न खुळा नव्हता. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे जिलानी इमारत कोसळून पस्तीसांहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर ढिगाऱ्याची भीति आणि नोटिशीची भीति येथें एकाच घरांत राहतात. बंब महापालिकेचा, आणि धोकादायक इमारतीची नोटीसहि महापालिकेचीच. जो मनुष्य दुसरीला भितो तो पहिल्याच्या नोंदींतूनहि आपलें दार लपवितो; आणि आग लागते तेव्हां तें दार नकाशांत नसतें.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, जीव वांचविण्यासाठीं घेतलेली नोंद कराच्या व पाडकामाच्या कामीं वापरली जाणार नाहीं असें वचन आंकडा रंगविण्यापूर्वीं उघडपणें दिलें जावें. आम्हीं त्या बाईंना "नाहीं" असें उत्तर दिलें. तें उत्तर देण्याचा अधिकार मात्र आमचा नव्हता. ज्यांचा आहे त्यांनीं तें अजून द्यावयाचें आहे.