कोयासानची अक्षरं

जपानमध्ये भाषा अडते ती जेवायला बसल्यावर. रेल्वेत फारशी अडत नाही. फलक रोमन लिपीतही असतात आणि बऱ्याच स्टेशनांना अक्षर आणि आकडा दिलेला असतो, त्यामुळे ओसाकाच्या गर्दीतही आम्ही चौघं निवांत फिरलो. पण आई पक्की शाकाहारी, आणि जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस उकळून केलेलं हे पाणी नूडल्सपासून साध्या भाजीपर्यंत सगळीकडे असतं. 'मांस-मासे नको' म्हटलं की तुकडे वगळतात, रस्सा तोच राहतो.

ओसाकात एका लहानशा उदोन नूडल्सच्या दुकानात मेन्यू हाताने, उभ्या ओळींत लिहिलेला होता. मोबाईलच्या कॅमेऱ्याला त्यातलं काही धड वाचता येईना. 'मासा चालत नाही' एवढं जपानीत टाइप करून आम्ही मालकीणबाईंपुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही हातांची छातीसमोर फुली केली. 'नाही' सांगायची ही तिथली खूण. आईचा चेहरा उतरला. बाई आत गेल्या आणि एका हातात कोम्बुची काळपट पट्टी, दुसऱ्या हातात माशाच्या किसाची पिशवी घेऊन बाहेर आल्या. दोन्ही दाखवून त्यांनी उकळत्या भांड्याकडे बोट केलं. दुपारच्या गर्दीत, गिऱ्हाईक परत जाणार हे दिसत असताना, 'का नाही' हे समजावून सांगायला त्या थांबल्या, हे मला फार मोठं वाटलं.

लेक निघण्याआधी काताकाना शिकली होती. जपानमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबात एकाने तरी ही लिपी शिकावी, असं मी आग्रहाने सांगेन. परकीय शब्द या लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षरं जुळवली की कोही, होतेरु, तोइरे, बासु आपोआप कळतात. शिवाय तिचा क्रम आपल्या ओळखीचा आहे: आधी आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत वर्णमालेचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तिथे रुजला. आईने तो एकदा ऐकला आणि गाडीत बसल्या बसल्या पाठ करून टाकला.

मग ओसाकातल्या नाम्बाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कारने कोयासान. भिक्षू कुकाई 804 साली चीनला गेला, तिथे सिद्धम् लिपी शिकला आणि परतल्यावर 816 मध्ये या डोंगरावर त्याने मठ वसवला. देवनागरी आणि सिद्धम् या चुलत बहिणी, दोघींचं मूळ ब्राह्मीत. ओकुनोइनच्या दफनभूमीत, उंचच उंच देवदारांसारख्या सुगी वृक्षांखाली, दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत. त्यातल्या कितीतरी पाच दगडांच्या: खाली चौकोन, त्यावर गोल, मग छपरासारखा त्रिकोणी, अर्धचंद्र आणि टोकाला रत्नाचा आकार. अनेकांवर एकेक सिद्धम् अक्षर कोरलेलं.

मुक्काम मठातच होता. जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी: तिळाचं टोफू, गोठवून वाळवलेलं कोया-टोफू, कोम्बु आणि शिताके मशरूमच्या पाण्यातला रस्सा. आई कितीतरी दिवसांनी पोटभर, निर्धास्त जेवली. वाढायला आलेल्या तरुण भिक्षूला तिने मोबाईलवर समाधीचा फोटो दाखवला. त्याने वरून खाली वाचलं: "क्या, का, रा, बा, आ." आई म्हणाली, "ख, ह, र, व, अ?" त्याने जोरात मान हलवली. मग खालच्या दगडावर बोट ठेवून तातामीची चटई थोपटली, दुसऱ्यासाठी चहाचा पेला उचलला, तिसऱ्यासाठी शेगडी दाखवली, चौथ्याला फुंकर मारली आणि शेवटी हात वर पसरले. "पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश," आई बोटांवर मोजत गेली. दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि मध्ये कोणाची गरज नव्हती.

निघताना लेकीने त्याला आमचा मोबाईलवरचा मजकूर दाखवला. त्याने तो वाचला, कागद मागवला आणि स्वतःच्या हाताने नवा लिहून दिला: मासे नाहीत, माशाची दाशीही नाही, कोम्बु चालेल. पुढच्या दुकानांतही बऱ्याच जणांनी हातांची फुली केली, पण कागद वाचून अनेकांनी बाहेर येऊन कोणत्या गल्लीत जायचं तेही दाखवलं.