ईस्टरची सुटी आणि दोडामार्ग

लंडनच्या शाळांना ईस्टरच्या आगेमागे साधारण दोन आठवडे सुटी असते. ईस्टर 2025 साली 20 एप्रिलला होता, 2026 साली 5 एप्रिलला. त्यानुसार सुटीही दरवर्षी मागेपुढे होते. दोडामार्ग-सावंतवाडीकडून लंडनला गेलेल्या कुटुंबांना गाव गाठायला बहुधा हीच सुटी उरते. उन्हाळी सुटी जुलैअखेरीपासून, म्हणजे कोकणच्या ऐन पावसात. चतुर्थी 2026 सालासारखी 14 सप्टेंबरला आली की शाळा सुरू झालेल्या असतात. शाळा बुडवावी म्हटले, तर इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2024 पासून विनापरवानगी रजेचा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड आहे, आणि तो 21 दिवसांत भरला नाही तर 160.

लहान मूल आजीच्या मागे मागे फिरून रमते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याचे वर्गमित्र स्पेन-पोर्तुगालला निघालेले असतात आणि त्याच्या वाट्याला रोज एका नातेवाइकाच्या ओटीवर बसून चहा घेणे येते. मग गाव नको वाटू लागते, आणि त्यात मुलाचा दोष नाही. या वयाला बरोबरीची सोबत, हाताला काही काम आणि मोठ्यांच्या नजरेबाहेरचे थोडे तास हवे असतात. दोडामार्गात ही तिन्ही मिळू शकतात. मात्र बेत त्यांना विचारून आखायला हवा. इंग्लंडमधल्या अकरावी इयत्तेच्या वर्षी जाणे टाळलेलेच बरे, कारण मे महिन्यात जीसीएसई परीक्षा सुरू होतात.

सोबतीचा हिशेब आधी करावा. महाराष्ट्रात 2025 साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. म्हणजे आठवी-नववीतली चुलत-मामे भावंडे ईस्टरमध्ये अभ्यासात अडकलेली असू शकतात. दहावी-बारावीची मुले मात्र मार्चच्या मध्यानंतर मोकळी असतात आणि निकाल लागेपर्यंत त्यांनाही काहीतरी हवेच असते. पाहुण्या मुलाची गाठ घालावी ती त्यांच्याशी.

काम काजूचे. हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. सकाळी ऊन चढण्याआधी बागेत जायचे, झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे आणि पिळा देऊन बी वेगळी करायची. बोंडूच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून जुना शर्ट घालावा. उसळीसाठी ओली बी चिरायची तर हाताला आधी तेल चोळावे लागते; सालीतले तेल कातडी भाजते, आणि बोटांची सोललेली साले दोन-तीन दिवस ते विसरू देत नाहीत. वाळवलेली बी व्यापाऱ्याकडे काट्यावर घालून आलेले पैसे मुलांच्याच हाती द्यावेत. आपल्या मेहनतीचे रुपये मोजणारा मुलगा त्या बागेकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

तिलारी खोऱ्याकडे मात्र जपून जावे. कर्नाटकातून रानटी हत्ती 2002 च्या सुमारास या भागात आले. तेव्हापासून हेवाळे, बांबर्डे, केर, मोर्ले या गावांतल्या केळी, माड, पोफळी ते तुडवत आले आहेत. एप्रिल 2025 मध्ये मोर्ल्यात एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला. हत्ती बघायला म्हणून मुलांना रानात नेऊ नये. त्यापेक्षा बाग गमावलेल्या शेतकऱ्यासमोर त्यांना बसवावे. जंगल राखावे की शेती, हा वाद शाळेत निबंधापुरता लिहिणाऱ्या मुलांना तिथे खरे प्रश्न सुचतात. बांबर्ड्याची जंगली जायफळाची दलदल हे जैवविविधता वारसा स्थळ आहे. तेही वनखात्याला किंवा गावकऱ्यांना विचारून, त्यांच्याच सोबतीने पाहावे. मांगेलीचा धबधबा पावसाळ्यातला, एप्रिलमध्ये त्याच्यासाठी वाट वाकडी करण्यात अर्थ नाही. नदीत कुठल्या कोंडीत उतरायचे हे गावातल्या माणसालाच ठाऊक असते.

समुद्रासाठी दोन दिवस राखावेत. तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग शिकवतात, आणि मालवणात 1664 साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. चित्रकलेची ओढ असलेल्या मुलाला कुडाळजवळच्या पिंगुळीला न्यावे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

दुपारी मात्र कुठेही निघू नये. लंडनच्या थंडीतून आलेल्या शरीराला एप्रिलचा दमट उकाडा सोसत नाही. जेवण, झोप, पुस्तक, मोबाइल यांना दुपार मोकळी सोडावी आणि नातेवाइकांकडच्या भेटी संध्याकाळी उरकाव्यात. गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून विमानातून उतरल्यावर तासाभरात घर गाठता येते, त्यामुळे दोन आठवड्यांतला प्रवासाचा वेळ वाचतो.

2027 साली फाल्गुन पौर्णिमा 22 मार्चला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. गावोगावचा शिमगा पौर्णिमेनंतरही काही दिवस चालतो. ज्यांच्या शाळेची सुटी लवकर लागेल त्यांना तो सापडू शकेल. तिकिटे काढण्यापूर्वी गावच्या मानकऱ्यांकडून मांडाचे दिवस विचारून घ्यावेत.