समुद्र किती लांब आहे हो?

दिवेआगरला फोन लावला की प्रत्येक पुणे-पिंपरीकर पहिला प्रश्न हाच विचारतो. पलीकडून उत्तरही ठरलेलं... ‘चालत पाच मिनिटं!’ गेल्या नोव्हेंबरात मी तिथे अकरा घरी फोन केले. अकराही जणांचा समुद्र बरोब्बर पाच मिनिटांवर होता.

अकरा फोन कशाला, असं म्हणाल. त्याचं काय आहे, मी भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीच्या परचेसला आहे. तीन कोटेशन्स घेतल्याशिवाय मी घरात मिक्सरसुद्धा आणत नाही. आणि हा तर दोन दिवसांचा मामला! आपल्या पट्ट्यातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पिंपरी-भोसरीकडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. बायको हिंजवडीत, तिची सुट्टी शनिवार-रविवार. लग्नाला चार वर्षं झाली, पण आम्ही दोघं एकाच वेळी घरी आणि दोघंही जागे, असा दिवस कॅलेंडरवर शोधावा लागतो. दोघांपैकी कुणीतरी रजा टाकली तरच कुठे वीकएण्ड बनतो. असा कमावलेला वीकएण्ड राहण्याच्या जागेपायी वाया गेला, तर काय होतं ते आम्ही एकदा भोगलंय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव कोणतं, हॉटेल कोणतं ते जाऊ द्या. मी रीतसर कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट बनवलं होतं. रेट, एसी, ब्रेकफास्ट, समुद्रापासून अंतर. ‘सी-टच’ आणि वर सगळ्यात स्वस्त! ऑर्डर फायनल. पोचलो तेव्हा बाल्कनीतून समुद्र दिसत होता, नाही असं नाही. फक्त मध्ये पार्किंग होतं, पार्किंगमध्ये तीन ट्रॅव्हल्सच्या बसेस होत्या आणि एका बसच्या डिकीत हा एवढा मोठा स्पीकर. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संध्याकाळी लाइट गेले, तेव्हा कळलं की जनरेटर फक्त रेस्टॉरंटपुरता आहे. तक्रार करायला गेलो तर काउंटरवर एक पोरगा. मालक कुठे? मालक मुंबईला. परत येताना अख्खा ताम्हिणी घाट आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गाणी लावायची हिंमत माझ्यात नव्हती.

म्हणून या वेळी शीट बायकोनं ताब्यात घेतली. तिनं पहिलं काम काय केलं असेल? ‘समुद्रापासून अंतर’ हा कॉलमच डिलीट केला. त्या जागी नवा कॉलम टाकला... ‘मालक तिथेच राहतात का?’

आधी गाव, मग घर

पण त्याआधी गाव ठरवायचं होतं. ताम्हिणी उतरून निजामपूर-माणगाव-म्हसळा असं गेलं की श्रीवर्धन तालुक्यात तीन नावं समोर येतात. हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर. तिन्ही एकमेकांच्या जवळ, पण स्वभाव अगदी वेगळे.

हरिहरेश्वर हे देवाचं गाव. काळभैरव, प्रदक्षिणेची वाट, खडकात लाटांनी कोरलेली नक्षी. ती प्रदक्षिणा ओहोटी बघूनच करायची, भरतीच्या वेळी तिथे हिरोगिरी नको. एमटीडीसीचं रिसॉर्टही इथे आहे. ज्यांना सकाळी दर्शन आणि दुपारी परतीचा रस्ता, त्यांना हे बरं. श्रीवर्धन हे तालुक्याचं गाव, पेशव्यांच्या बाळाजी विश्वनाथांचं. बाजार, एसटी स्टॅण्ड, दवाखाना सगळं हाताशी. लहान मूल बरोबर असेल तर मी डोळे मिटून श्रीवर्धन म्हणेन. आणखी हौस असेल तर बागमांडल्याच्या जेटीवरून गाडीसकट फेरीबोटीनं वेश्वीला उतरायचं आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाठायचं. कासवांच्या पिल्लांसाठी तिथे लोक जातात, राहतात ते गावकऱ्यांच्या घरीच. पण तो सीझन साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. नोव्हेंबरात जाऊन कासवं कुठायत म्हणून विचारू नका.

आमच्याबरोबर या वेळी आई-बाबा होते. बाबा मे महिन्यात रिटायर झाले. आकुर्डीच्या कारखान्यात उभा जन्म गेला, तिथेही सुट्टी गुरुवारचीच. त्यांच्या लेखी ट्रिप म्हणजे खटाव तालुक्यातलं आमचं गाव. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला, एकदा दादरला आणि एकदा एसटीच्या सहलीत गणपतीपुळ्याला. त्यांना ना रांगेतलं दर्शन हवं होतं ना बाजार. सपाट किनारा आणि शांतता. म्हणजे दिवेआगर!

बाबांचा एकच सवाल होता. ‘एवढे पैसे मोजून दुसऱ्याच्या घरात जाऊन राहायचं?’

समुद्राकडे पाठ

दिवेआगरची रचना समजून घेतली की ‘सी-फेसिंग’ या शब्दातली गंमत कळते. जुनं गाव समुद्राकडे तोंड करून बसलेलंच नाही. आधी रस्ता, रस्त्याला लागून घरं, घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यामागे सुरू आणि केवड्याचा पट्टा आणि मग चारेक किलोमीटरचा किनारा. गावाच्या नावातलं ‘आगर’ म्हणजे ही बागाईतच. खारा वारा आणि पावसाळ्यातला समुद्र ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बघितला, त्यांनी घर वाडीच्या आडोशाला बांधलं. आणि पिढ्या म्हणजे थोड्याथोडक्या नव्हेत. या गावाचा मराठी ताम्रपट सापडलाय तो इ.स. १०६०चा! तेव्हा समुद्रावर खोली हवी, हा हट्ट आपला. तिथल्या माणसाला विचाराल तर तो वाडीतली खोली देईल. दुपारी पोफळीच्या सावलीत एसी लावायची आठवणसुद्धा होत नाही, हे मी परचेसवाल्याच्या जबाबदारीनं सांगतो.

घरोघरी खोल्या निघाल्या त्यात गणपतीचाही वाटा मोठा. नोव्हेंबर १९९७मध्ये इथल्या एका वाडीत खोदताना तांब्याची पेटी सापडली, त्यात सोन्याचा गणेशाचा मुखवटा. सुवर्णगणेश म्हणून गावाचं नाव झालं, भाविकांची रांग लागली, त्यांना जेवण हवं, मुक्काम हवा. कुणी पडवी बंद करून खोली केली, कुणी वाडीत चार खोल्या बांधल्या. मार्च २०१२मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा गेला. चोरांनी तो वितळवला होता. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा नोव्हेंबर २०२१मध्ये बसवला गेला. मधल्या काळात गणपती नव्हता, पण लोक यायचे थांबले नाहीत. तोवर समुद्राची आणि उकडीच्या मोदकांची सवय झाली होती ना!

तर फोनवर काय विचारायचं? बायकोची शीट सांगते ती अशी. मालक तिथेच राहतात का, हा पहिला प्रश्न. घरचं माणूस आवारात असलं की रात्री अकरानंतर कुणाचा स्पीकर चालत नाही, ही साधी गोष्ट. दुसरा प्रश्न, घरात मासे चालतात का. यात लाजू नका. दिवेआगरात बऱ्याच घरी फक्त शाकाहारी जेवण, आणि ते इतकं झकास की सुरमईची आठवण निघत नाही. पण ज्याला निघते, त्यानं आधीच दुसरं घर बघावं. भरडखोल हे कोळ्यांचं गाव जवळ आहे, मासळी तिथून येते. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद, तेव्हा ‘ताजा पापलेट’ असं कुणी म्हणालं तर मनातल्या मनात हसायचं. जेवण आधी सांगावं लागतं, किती पानं ते सांगावं लागतं. हॉटेल नाही ते, आयत्या वेळी मेन्यूकार्ड मिळत नाही.

आई-बाबा बरोबर असतील तर कमोड आहे का आणि खोली तळमजल्यावर आहे का, हे दोन प्रश्न सगळ्यात आधी. तिथे ‘आहे की’ म्हणाले तरी फोटो मागवा, व्हॉट्सअ‍ॅप कशासाठी आहे? इन्व्हर्टर खोल्यांना आहे का तेही विचारा (आम्ही विचारलं नव्हतं, पस्तावलो होतो). मोबाइलला रेंज धरेलच असं नाही, म्हणून कॅश जवळ ठेवा. ऐन वेळी लागलीच तर बोर्ली पंचतनचा बाजार लागूनच आहे. निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नोंद केलेली घरं असतात. नोंद असलेलं घर म्हणजे हमखास चांगलं असं नाही, पण विचारायला काय जातंय.

अकरातली तीन घरं उरली. तिसऱ्या घरी काकूंनी फोन घेतला. मी सवयीनं म्हणालो, ‘गुरुवार-शुक्रवार आहे, वीकडे आहे, दोन खोल्या घेतोय, काहीतरी कमी करा की.’ काकू म्हणाल्या, ‘कमी नाही हो होणार. तुम्हाला दुसरीकडे मिळत असेल तर बघा, मी रागावणार नाही.’ आजवर एकाही व्हेंडरनं मला असं उत्तर दिलेलं नाही! बायकोनं हातातला फोन घेतला आणि ‘येतो आम्ही’ म्हणून सांगून टाकलं.

गुरुवारी पहाटे चिंचवडहून निघालो. हिंजवडी-पौड-मुळशी करत घाट उतरलो, माणगावला वडापाव-चहा, म्हसळ्यावरून आत. साडेचार-पाच तास धरून चाला. घर रस्त्यालगत, पुढे अंगण, मागे वाडी. खोल्या साध्याच. चादरी स्वच्छ, भिंतीवर एक कॅलेंडर, बस्स. फोटोत हे घर कधीच जिंकलं नसतं.

जेवण झालं. आमटी-भात, बिरडं, सोलकढी, मोदक. बाबा हात धुऊन ओटीवर बसले ते काकांशी बोलत. अर्ध्या तासानं बघतो तर दोघं वाडीत. मीही मागून गेलो. वाडीचा पुढचा भाग दाट, मागचा नुसता उघडा. तिथे पोफळी होत्या, पण माझ्या दुप्पट उंचीच्या, अजून अंग न धरलेल्या. ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा घेऊन. पोफळ म्हणजे उंच आणि सडपातळ झाड, एक कोसळलं की शेजारच्याला घेऊन जातं. काका सांगत होते, दुपारी वारा थांबला तेव्हा मागच्या दारातून त्यांना थेट समुद्र दिसला. घर बांधल्यापासून कधी दिसला नव्हता.

वर लॉकडाऊन. म्हणजे सुपारी गेली आणि पाहुणेही बंद, एकाच वेळी. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही तेवढीच. ‘आधी सुपारीवर घर चालायचं आणि खोल्यांचे पैसे वरखर्चाला. आता उलटं झालंय,’ काका म्हणाले, अगदी सहज, रस्ता सांगावा तसं. या वर्षी मागच्या दोन ओळींतल्या झाडांना आत्ता कुठे फळ दिसायला लागलंय.

बाबा दुष्काळी भागातले. पीक जाणं म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी विचारलं, ‘पाणी कसं देता?’ मग पुढचा तासभर पाणी, खत, माकडं, मजुरी. मी आणि बायको हळूच सटकलो आणि समुद्रावर गेलो. गुरुवारची संध्याकाळ, किनाऱ्यावर मोजून दहा-बारा माणसं. आम्ही शेखाडीच्या दिशेला तोंड करून चालत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, पण बोलत होतो.

शुक्रवारी पहाटे बाबा खोलीत नव्हते. वाडीत काकांच्या मागून पाण्याचा पाइप ओढत होते. आई म्हणाली, ‘घरी कधी कुंडीला पाणी घातलं नाही या माणसानं.’ नंतर आम्ही त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेलो. पँट दुमडून, चपला हातात घेऊन ते पाण्यात उभे राहिले. फोटो काढू दिला नाही.

दुपारी बिल झालं. काकूंनी वहीतून बेरीज करून दाखवली, आकडा काही गोल नव्हता. मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझ्याकडे बघितलं. पाकीट त्यांनी काढलं, नोटा त्यांनी मोजल्या, वरचे सुट्टे परत घेतले नाहीत. काकूंनी एका पिशवीत चार नारळ आणि ओली सुपारी घातली. बाबांना सुपारी चालत नाही, तरी पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

गाडी बाहेर काढत होतो, तेवढ्यात आत फोन वाजला. काकूंचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला, ‘हो हो, जवळच आहे... चालत पाच मिनिटं!’

मी आदल्या संध्याकाळी घड्याळ लावून मोजलं होतं. बारा मिनिटं. बाबांच्या गुडघ्यानं वीस.